ब्लोकचा दिवा, सोलोगुबची सावली, बेलीचा डबा: रशियन प्रतीकवादी कसे वाचावेत

प्रश्न असा होता: इंग्रजी अनुवादांतून ब्लोक, बेली, सोलोगुब हे रशियन प्रतीकवादी लेखक वाचायला घेतले, पण सगळं धूसर आणि थोडं भाबडं वाटतं. गुलाब, पहाट, हिमवादळ, निळा रंग यांचे ठरलेले अर्थ देणारी एखादी यादी मिळेल का? सुरुवात कुठून करावी? आणि थोडं मराठीत आणायचं झालं तर काय सांभाळावं?

यादी मिळणार नाही, आणि कुणी दिली तर घेऊ नका. धूसरपणाचं मूळ त्या यादीच्या अपेक्षेतच आहे. या कवींच्या हातात शब्द कोऱ्या नाण्यासारखा येतो. एका कवितेत त्यावर एक छाप उमटते, चार वर्षांनी दुसऱ्या कवितेत दुसरी. पाच-सात कविता ओलांडल्यावर त्या शब्दाचं वजन कळतं. संकलनातून एखाद-दुसरी कविता उचलून वाचली की हे वजन लागत नाही, आणि उरते ती नुसती हुरहूर. ब्लोकने 1906 च्या डिसेंबरात आपल्या वहीत लिहिलं होतं की प्रत्येक कविता म्हणजे काही शब्दांच्या टोकांवर ताणलेलं आच्छादन असतं, ते शब्द ताऱ्यांसारखे चमकतात, आणि त्यांच्यामुळेच कविता असते. म्हणजे वाचकाचं पहिलं काम ही टोकं शोधण्याचं.

इतिहास लागेल तेवढाच सांगतो. 1892 मध्ये लेखक मेरेझ्कोव्स्कीने पीटर्सबर्गमध्ये रशियन साहित्याच्या अधोगतीची कारणं आणि नवे प्रवाह यांवर व्याख्यान दिलं, ते पुढच्या वर्षी छापून आलं. 1894-95 मध्ये मॉस्कोत विशीतल्या वालेरी ब्र्युसोव्हने ‘रशियन प्रतीकवादी’ नावाच्या तीन पुस्तिका काढल्या. त्यांत बऱ्याच कविता त्याच्याच होत्या, वेगवेगळ्या टोपणनावांनी. चळवळ आहे असं दाखवायला माणसं हवीत, म्हणून त्याने माणसं तयार केली. या थोरल्या पिढीत मेरेझ्कोव्स्की, त्याची पत्नी झिनाइदा गिप्पिउस, ब्र्युसोव्ह, बाल्मोन्त, सोलोगुब. धाकटी पिढी 1900 नंतरची: ब्लोक, आंद्रेई बेली (दोघांचा जन्म 1880 चा) आणि वयाने मोठा पण सूर त्यांचाच असलेला व्याचेस्लाव इवानोव्ह. थोरल्यांना कवितेत नवी संवेदना हवी होती. धाकट्यांना त्याहून बरंच जास्त, जवळजवळ धर्मच हवा होता. ही फट लक्षात ठेवा, कारण 1910 मध्ये चळवळ तिथेच चिरली.

आता प्रत्यक्ष वाचन. पहिली कविता ब्र्युसोव्हची ‘सर्जन’ घ्या, 1895 ची, पाच कडवी, वीस ओळी. मुलामा दिलेल्या भिंतीवर जांभळे हात अर्धवट झोपेत आवाज रेखाटतात. निळसर चंद्राच्या उजेडात दुसरा चंद्र उघडा उगवतो. व्लादिमीर सोलोव्योव्ह या तत्त्वज्ञाने तेव्हा भरपूर खिल्ली उडवली: दोन चंद्र, आणि त्यातला एक उघडा! पण ब्र्युसोव्हला जवळून ओळखणाऱ्या कवी खोदासेविचने पुढे उलगडून सांगितलं की यात गूढ कमी आणि खोली जास्त आहे. लातानिया नावाच्या ताडवर्गातल्या झाडाच्या पानांची सावली चकचकीत फरशांच्या शेगडीवर पडते, आणि खिडकीबाहेर रस्त्यावरचा दिवा आहे. झाडाचं नाव पहिल्याच कडव्यात उघड लिहिलेलं आहे, फक्त हसणाऱ्यांचं तिकडे लक्ष जात नाही.

त्याहून मोठी गोष्ट पहिल्या आणि शेवटच्या कडव्यात आहे. कविता सुरू होते ‘न निर्मिलेल्या निर्मितींची सावली’ अशी, आणि शेवटच्या कडव्यात तोच शब्द ‘निर्मिलेल्या निर्मितींची रहस्यं’ असा येतो. ‘न’ गळून पडला. मधल्या पंधरा ओळींत कविता तयार झाली, एवढंच ती सांगते. मधे काय घडतं? प्रत्येक कडव्याची शेवटची ओळ पुढच्या कडव्याची दुसरी ओळ होते, साखळीसारखी. एका कडीत सावली, पुढच्या कडीत आवाज. अनुवादकाने ही पुनरावृत्ती ‘कंटाळवाणी’ म्हणून बदलली, तर जांभळे हात तेवढे उरतात आणि कविता खरोखर हास्यास्पद होते. आणखी एक बारकावा: रशियनमध्ये चंद्राला दोन शब्द आहेत, ‘म्येस्यत्स’ पुल्लिंगी आणि ‘लुना’ स्त्रीलिंगी. ब्र्युसोव्हने दोन्ही वापरले. मराठीत चंद्र आणि चंद्रकोर असं लिंगासकट जमतं. इंग्रजीत दोन्हीकडे एकच शब्द बसतो आणि सोलोव्योव्हची थट्टा आणखी खरी वाटू लागते.

इथे एक गंमत आहे. याच थट्टेखोर सोलोव्योव्हने धाकट्या पिढीला त्यांचं दैवत दिलं. ‘सोफिया’ म्हणजे दैवी प्रज्ञा, स्त्रीरूपातली. 1898 च्या ‘तीन भेटी’ या दीर्घकवितेत तो तिला मॉस्कोच्या चर्चमध्ये, लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आणि इजिप्तच्या वाळवंटात भेटल्याचं सांगतो, तेही अर्ध्या विनोदी सुरात. 1900 मध्ये तो गेला. 1901 च्या उन्हाळ्यात वीस वर्षांचा ब्लोक लिहितो: ‘तुझी चाहूल लागते. वर्षं सरतात.’ ही 4 जून 1901 ची कविता नीट वाचा, कारण त्यात पुढच्या सगळ्या ब्लोकचं बी आहे. क्षितिज पेटलेलं आहे, ती येणार हे नक्की आहे, पण धास्ती एकच: ‘तू रूप बदलशील.’

ब्लोकने 1911 मध्ये आपल्या कवितासंग्रहाची तीन पुस्तकं करायला घेतली, तेव्हा प्रस्तावनेत स्पष्ट लिहिलं: प्रत्येक कविता प्रकरणाचा भाग, काही प्रकरणांचं एक पुस्तक, प्रत्येक पुस्तक त्रयीचा भाग, आणि सगळी त्रयी मिळून ‘पद्यातली कादंबरी’ म्हणता येईल. कवीने स्वतः वाचनाचा क्रम सांगितल्यावर तो मोडण्यात शहाणपण नाही. त्रयी 1898 पासून 1916 पर्यंत जाते. सगळी लगेच वाचायची गरज नाही; पंचवीसेक कविता पुरतात, पण तारखेच्या क्रमाने. सोबत एक वही ठेवा. पानाच्या डोक्यावर शब्द लिहा: पहाट, खिडकी, दिवा, हिमवादळ, नदी, निळा, जांभळा, मुखवटा. तो शब्द भेटला की खाली तारीख आणि त्याच्या जोडीला कोण आहे तेवढं लिहा, विशेषण किंवा क्रियापद. अर्थ लिहू नका. लिहिलात की पुढच्या कवितेत तोच दिसू लागतो, आणि कवितेने बदललेला अर्थ हातातून सुटतो.

वहीचा उपयोग काय होतो ते एका साखळीवरून दाखवतो.

24 एप्रिल 1906 ची ‘अनोळखी ती’. जागा ओझेर्की, पीटर्सबर्गजवळचं उन्हाळी वस्तीचं गाव. तेरा कडवी. पहिली सहा कडवी निव्वळ रस्त्यावरची आणि खानावळीतली: खानावळींवरची गरम हवा, गल्लीतली धूळ, बेकरीच्या पाटीवरचा सोनेरी क्रेंदेल (पिळाच्या बिस्किटासारखा पाव), पोराचं रडणं, तिरप्या टोप्या घातलेले रंगेल लोक, तळ्यावर वल्ह्यांच्या खुंट्यांची करकर. वर आकाशात सगळ्याला सरावलेली चंद्राची तबकडी ‘निरर्थकपणे’ वाकडं तोंड करते. ‘आणि दर संध्याकाळी’ हे शब्द तिसऱ्या कडव्याच्या सुरुवातीला येतात, मग पाचव्याच्या, मग सातव्याच्या. पहिल्या दोनदा तो कंटाळा आहे: रोज तेच लोक, रोज तोच पेला. तिसऱ्यांदा तेच तीन शब्द येतात आणि धुरकट खिडकीत रेशमाने वेढलेली आकृती सरकते. जे रटाळ होतं ते विधीसारखं झालं, एकही शब्द न बदलता. अनुवादकाने या तिन्ही जागी वेगवेगळी शब्दरचना केली, तर ही कविता मेली असं समजा. हे सर्रास होतं, कारण शाळेपासून आपल्याला पुनरुक्ती टाळायला शिकवलेलं असतं.

दुसरी टोकं आवाजात आहेत. पहिल्या कडव्याच्या शेवटी ‘दुख्’ हा शब्द आहे: वसंतातला, कुजका असा ‘दुख्’, म्हणजे वास, वारा आणि आत्मा, तिन्ही. आठव्या कडव्यात ती येते ती ‘दिशा दुखामि इ तुमानामि’, अत्तरं आणि धुकं श्वासातून सोडत. ‘दुखी’ म्हणजे अत्तर, मूळ तेच. (‘दिशा’ म्हणजे इथे ‘श्वास घेत’; आपल्याला वेगळंच ऐकू येतं, त्याला इलाज नाही.) पहिल्या कडव्यात ‘दारुड्यांच्या’ हा शब्द यमकात आहे, आठव्यातही तोच शब्द यमकात आहे आणि ‘धुक्यां’शी जुळतो. म्हणजे ती या घाणीला छेद देऊन येत नाही, याच हवेतून बनून येते. 1901 ची धास्ती आठवा: तू रूप बदलशील. बदललं. देवळातली ‘ती’ आता दारूच्या गुत्त्यात शहामृगाच्या पिसांची टोपी घालून बसली आहे, आणि कवीला ती तीच आहे की पेल्यातली आहे हे सांगता येत नाही. मराठीत ‘दुख्’साठी माझ्या मते ‘वास’ आणि ‘सुवास’ ही जोडी सगळ्यात जवळची. आत्म्याची छटा जाते, पण मूळ एक राहतं. ‘दुर्गंधी’ आणि ‘परिमळ’ असं कुणी केलं तर शब्द सुंदर, धागा तुटलेला.

आता 10 ऑक्टोबर 1912. आठ ओळी, ‘मृत्यूचे नाच’ या चक्रातल्या. गद्यात त्या अशा होतात: रात्र, रस्ता, दिवा, औषधांचं दुकान. निरर्थक, मंद उजेड. आणखी पाव शतक जग हवं तर, सगळं असंच राहणार. सुटका नाही. मरशील, पुन्हा पहिल्यापासून सुरू करशील, आणि सगळं जुन्यासारखंच परतून येईल: रात्र, कालव्यावरचे बर्फगार तरंग, औषधांचं दुकान, रस्ता, दिवा.

वहीत पाहिलंत तर ‘निरर्थक’ हा शब्द आधी येऊन गेलेला आहे. 1906 मध्ये तो आकाशातल्या चंद्राला होता, 1912 मध्ये रस्त्यावरच्या दिव्याला. तेव्हा निदान आकाश तरी होतं. आणि ‘ती’ कुठे आहे? आठ ओळींत कुठेच नाही. ही अनुपस्थिती सुटी कविता वाचणाऱ्याला दिसूच शकत नाही. त्याला ही एका उदास माणसाची उदास कविता वाटते.

रचनेकडे बघा. बरेच जण म्हणतात की शेवटची ओळ पहिलीचं आरशातलं प्रतिबिंब आहे. नाही. पहिल्या ओळीत रस्ता, दिवा, दुकान. शेवटच्या ओळीत दुकान, रस्ता, दिवा. क्रम उलटा झालेला नाही, एक घर फिरला आहे. रहाटगाडग्यासारखा. शेवटचं पोहरं पुढे आलं, बाकीची तशीच मागे सरकली. रात्र सातव्या ओळीत वर गेली आणि त्या जागी कालव्याचं पाणी आलं, तेवढी एक नवी वस्तू. अनुवाद करताना हा क्रम यमकासाठी हलवला, तर ‘सुटका नाही’ हे विधान नुसतं विधान राहतं. मुळात ते चाक फिरवून दाखवलेलं आहे.

छंदही तेच करतो. मूळ चार आघातांचा आयंबिक छंद आहे, म्हणजे दर दुसऱ्या अक्षरावर जोर. पण ‘नोच्, ऊलित्सा, फनार्, अप्त्येका’ म्हणून पाहा: पहिल्याच दोन अक्षरांवर लागोपाठ जोर पडतो, मग तीन अक्षरं मोकळी, मग पुन्हा दोन ठोके. बेलीने 1910 च्या ‘प्रतीकवाद’ या निबंधसंग्रहात हेच मोजून दाखवलं: कागदावरचा छंद एक आणि प्रत्यक्ष पडणारे आघात वेगळे, या तफावतीतून प्रत्येक कवीची चाल ओळखता येते. रशियन पद्याच्या शास्त्रशुद्ध मोजणीची खरी सुरुवात त्या पुस्तकापासून धरतात.

मराठीकरणाबद्दल विचारलंत म्हणून या आठ ओळींतलेच दोन खड्डे. ‘अप्त्येका’ला मराठीत नीट शब्द नाही. ‘औषधालय’ पाटीवर असतं, तोंडात नसतं. ‘दवाखाना’ चूक, तिथे डॉक्टर बसतो. बोलण्यातला खरा शब्द ‘मेडिकल’. तो लय सांभाळतो आणि रोजचेपणाही, फक्त 1912 चं पीटर्सबर्ग थोडं डगमगतं. दुसरा खड्डा लिंगाचा. ‘मेलास की’ असं म्हटलं की समोरचा पुरुष ठरतो. रशियन क्रियापद इथे भविष्यकाळी आहे, त्याला लिंग नाही. म्हणून ‘मरशील’. मराठीचा भविष्यकाळही लिंग लपवतो, तिथे आपलं नशीब चांगलं.

एकूणच मराठी या कामाला इंग्रजीपेक्षा सोयीची आहे, आणि ते फारसं कुणी वापरत नाही. रशियनमध्ये इंग्रजीसारखी उपपदं नाहीत, आपल्याकडेही नाहीत. ‘अनोळखी ती’ कोणी एक की ती एकमेव, हे इंग्रजीला पहिल्या शब्दातच ठरवावं लागतं. रशियन आणि मराठी ते उघडं ठेवतात, आणि प्रतीक त्या उघडेपणातच जगतं. क्रियापदावर लिंग दिसतं, हे दुसरं. गिप्पिउस बाई असून तिच्या कवितेतला ‘मी’ बहुधा पुल्लिंगी बोलतो. इंग्रजीत ही गोष्ट पूर्ण पुसली जाते. मराठीत ‘मी आलो’ लिहिलं की झालं. संपादक ‘चूक’ म्हणून ‘आले’ करतील, त्यांना थांबवा.

अडचण मोठ्या अक्षरांची. ब्लोकच्या सुरुवातीच्या कवितांत ‘तू’ आणि ‘ती’ मोठ्या अक्षराने लिहिलेले असतात, देवासाठी लिहावेत तसे. देवनागरीत मोठं अक्षर नाही. ठळक टाइप किंवा अवतरणचिन्हं वापरली की लगेच जाहिरात वाटते. उपाय भाषेतच आहे: मराठीत क्रियापदच पुरुष सांगतं, म्हणून साध्या ठिकाणी ‘तू’ गाळा आणि फक्त मोठ्या अक्षराच्या जागी तो लिहा. ‘येशील’ आणि ‘तू येशील’ यांतला फरक वाचकाच्या कानाला चौथ्या ओळीपर्यंत कळू लागतो. शिवाय विठ्ठलाला ‘तू’ म्हणणाऱ्या भाषेला ही जवळीक आणि भक्ती एकत्र ऐकायची सवय आहे. ‘आपण’ किंवा ‘तुम्ही’ कधीही नको.

छंदाचं काय? ब्लोकने रशियन कवितेत ‘दोल्निक’ रुळवला: ओळीत आघात ठरलेले, मधली मोकळी अक्षरं कधी एक, कधी दोन. 25 ऑक्टोबर 1902 च्या ‘काळोख्या देवळांत शिरतो मी’ या कवितेत प्रत्येक ओळीत तीन आघात आहेत. पहिल्या ओळीत मधली अंतरं एक-दोन, तिसऱ्या ओळीत दोन-एक. थांबत थांबत टाकलेल्या पावलांसारखी ती चालते, देवळात चालावं तशी. मराठीत आघाताचा छंद नाही. अक्षरगणवृत्तात बसवलं तर कवायत होते, मुक्तछंदात पाऊल हरवतं. लवचीक ओवी सगळ्यात जवळ जाते: अक्षरसंख्या कमी-जास्त चालते आणि बांधून ठेवायला यमक असतं. पण ग्रंथकर्त्या ओवीतली पहिल्या तीन चरणांची यमकं जशीच्या तशी घेऊ नका, नाहीतर वाचकाला ज्ञानेश्वरी ऐकू येईल. त्याच कवितेतला ‘लाम्पादा’ म्हणजे मूर्तिचित्रापुढे टांगलेला तेलाचा दिवा, इथे लाल. ‘समई’ जमिनीवर असते, ‘लामणदिवा’ टांगलेला असतो म्हणून बरा. मात्र ‘लाल’ विसरू नका, तो रंग पुढे परत येतो.

प्रतीकवादी विनोद करत नाहीत हा समज सगळ्यात महागात पडतो. ब्लोकचं ‘बालागान्चिक’ हे छोटं नाटक (जत्रेतला तमाशा असा अर्थ घ्या, लावणीचा नव्हे) 30 डिसेंबर 1906 ला दिग्दर्शक मेयेर्होल्डने रंगमंचावर आणलं आणि पिएरोची, म्हणजे जुन्या प्रहसनातल्या दुःखी विदूषकाची, भूमिका स्वतः केली. त्यात गंभीर चेहऱ्याचे गूढवादी टेबलाभोवती बसून दूरच्या देशातून येणाऱ्या फिकट कुमारिकेची, म्हणजे मृत्यूची वाट बघतात. ती येते, पाठीवर ‘कोसा’ आहे. रशियनमध्ये ‘कोसा’ म्हणजे वेणी, आणि ‘कोसा’ म्हणजेच गवत कापायचं लांब दांड्याचं पातं, जे मृत्यूच्या हातात दाखवतात. गूढवाद्यांना पातं दिसतं, पिएरोला वेणी दिसते, आपली प्रेयसी कोलंबिना दिसते. सगळं नाटक या एका शब्दावर उभं आहे. मराठीत वेणी आणि कोयता यांची गाठ बसत नाही, म्हणून संवादातच दोन्ही वाचन दोन पात्रांच्या तोंडी द्यावं लागतं. तळटीप दिली की विनोद तिथेच मरतो. पुढे लाकडी तलवारीचा वार बसलेला विदूषक ओरडतो की आपल्या अंगातून क्रॅनबेरीचा रस वाहतोय. ही थट्टा ब्लोकने स्वतःच्या आणि मित्रांच्या पाच वर्षांच्या प्रतीक्षेची केली आहे. बेली त्यावर भयंकर दुखावला होता.

चरित्राची किल्लीही तितकीच फसवी. ‘ती’ म्हणजे रसायनशास्त्रज्ञ मेंडेलीव्हची मुलगी ल्युबोव, जिच्याशी ब्लोकने 1903 मध्ये लग्न केलं. 1907 च्या ‘हिममुखवटा’मधली ‘ती’ म्हणजे नटी वोलोखोवा. खरं आहे. पण त्यातून कविता कळत नाही, फक्त माणसं कळतात. ‘हिममुखवटा’च्या तीस कविता जेमतेम दोन आठवड्यांत लिहिलेल्या आहेत आणि त्यांचं खरं पात्र वादळ आहे. त्यासाठी रशियनमध्ये ‘व्यूगा’, ‘म्येत्येल’, ‘पुर्गा’ असे कितीतरी शब्द. आपल्याकडे एकच जड ‘हिमवादळ’. दर ओळीत ते आलं तर भूगोलाचं पुस्तक होतं. ‘घोंघावणं’, ‘भिरभिरणं’, ‘भुरभुर’ अशी क्रियापदं पुढे करा आणि नाम दहा ओळींतून एकदा.

1910 मधली फूट दोन वाक्यांत उरकतो. इवानोव्ह आणि ब्लोक यांनी ‘अपोलोन’ मासिकात लिहिलं की प्रतीकवाद हा नुसती कला कधीच नव्हता. त्यावर ब्र्युसोव्हने पुढच्याच अंकात ठणकावलं की कविता ही कविताच, तिला दुसऱ्या कुणाची चाकरी नको. ब्लोकचा लेख मात्र वाचा, कारण त्याने आपल्या रंगांचा हिशेब तिथे स्वतः दिला आहे: आधीची सोनेरी तलवार, मग तिला गिळणारा निळा-जांभळा संधिप्रकाश, आणि त्यात हरवून स्वतःच्या बाहुल्यांचा खेळ मांडून बसलेला कवी. ही यादी कवीची आहे, तरी ती कवितांनंतर वाचा. पुढे नंतरच्या पिढीतल्या मांडेल्श्ताम या कवीने टोला हाणला की यांच्याकडे गुलाब मुलीकडे मान हलवतो आणि मुलगी गुलाबाकडे, स्वतः कुणीच राहायला तयार नाही. इवानोव्हच्या ‘कोर आर्देन्स’ या कवितासंग्रहातला गुलाबांचा अख्खा विभाग वाचला की हा टोला रास्त वाटतो. इवानोव्ह मोठा विद्वान, पीटर्सबर्गमधल्या त्याच्या ‘मनोऱ्या’तल्या, म्हणजे घरातल्या, बुधवारच्या बैठकींनी एक पिढी घडवली, पण सुरुवातीला त्याच्या वाटेला जाऊ नका. बाल्मोन्तही एका वेळी चार कवितांपेक्षा जास्त नको. गोडव्याने तोंड मिटतं. आपल्यासाठी त्याची वेगळी ओळख म्हणजे अश्वघोषाचं बुद्धचरित आणि कालिदासाची नाटकं त्याने रशियनमध्ये आणली, आणि 1914 मध्ये मॉस्कोचं कामेर्नी थिएटर उघडलं ते त्याच्या ‘शाकुंतला’ने. उलट आन्नेन्स्की हा कवी भरपूर वाचा. 1909 मध्ये तो गेला तेव्हा त्याला ओळखणारे मूठभर होते. घड्याळ, व्हायोलिनचा गज, फुगा अशा साध्या वस्तूंत तो वेदना ठेवतो, आणि देवदूत कुठेच नसतात. धुक्याने कंटाळलेल्या वाचकाला त्याच्यापासून सुरुवात केली तरी चालेल.

गद्यात आधी सोलोगुबची ‘क्षुद्र भूत’. सोलोगुब, खरं नाव तेतेर्निकोव्ह, अनेक वर्षं लहान गावांत शाळामास्तर होता. 1892 ते 1902 अशी दहा वर्षं ही कादंबरी लिहीत होता आणि ती पुस्तकरूपाने 1907 मध्ये आली. नायक पेरेदोनोव्ह हा माध्यमिक शाळेतला मास्तर, त्याला शाळा-निरीक्षक व्हायचं आहे. बढतीच्या आशेने, खोट्या पत्रांना फसून तो लग्न करतो. संशयाने पोखरत जाऊन शेवटी खून करतो. इथे प्रतीक वर आकाशात नाही, सोफ्याखाली आहे: ‘नेदोतिकोम्का’ नावाची करडी, आकार नसलेली, चपळ गोष्ट, जी फक्त त्यालाच दिसते आणि हाती लागत नाही. शब्दाचा अर्थ साधारण ‘जिला हात लावता येत नाही ती’. मराठीत शब्दशः गेलात तर जातिव्यवस्थेतल्या शब्दाशी जाऊन आदळाल, आणि कादंबरी भलतीकडेच जाईल. रशियन शब्द तसाच ठेवा, किंवा ‘निसटी’सारखा नवा, स्त्रीलिंगी, थोडा चिडखोर आवाजाचा शब्द घडवा. लिंग सोडू नका. तसंच मृत्यू: रशियनमध्ये तो स्त्रीलिंगी आहे, म्हणून सोलोगुबच्या कवितांत प्रेयसीसारखा येतो, आपला ‘मृत्यू’ पुल्लिंगी, तिथे ‘मरणघडी’ किंवा उघडच ‘ती’ वापरून वाट काढावी लागते.

सगळ्यात शेवटी बेलीची ‘पीटर्सबर्ग’, आणि इथे पुस्तक विकत घेण्याआधी एक गोष्ट तपासा. या कादंबरीच्या दोन संहिता आहेत. पहिली 1913-14 मध्ये ‘सिरीन’ या संग्रहात तीन भागांत आली आणि 1916 मध्ये पुस्तक झाली. दुसरी 1922 मध्ये बर्लिनला, बेलीने स्वतः जबर कात्री लावलेली. मॅग्वायर आणि माल्मस्टॅड यांचा 1978 चा इंग्रजी अनुवाद 1922 च्या संहितेवरून आहे, टिपा उत्तम. मॅकडफचा 1995 चा आणि एल्सवर्थचा 2009 चा 1916 वरून. पहिल्या वाचनाला लांब संहिता घ्या. छोटी जास्त टोकदार आहे, पण कापताना जोडणारे धागे गेल्याने कोण कुठून आलं हे कळेनासं होतं.

कथा सोपी आहे: 1905 चं शरद, सिनेटर आब्लेउखोव्ह, त्याचा मुलगा निकोलाय, आणि मुलाने भावनेच्या भरात क्रांतिकारकांना दिलेलं वचन, ज्यापोटी बापासाठी त्याच्या हाती सार्डिन माशांच्या डब्यात घड्याळी बॉम्ब येतो. सिनेटरला मोकळ्या जागांची भीती वाटते. घनाकृती बग्गीत बसून चौकोन, घन, सरळ रस्ते यांचा विचार केला की त्याला बरं वाटतं. बॉम्ब म्हणजे उलट: फुगत, पसरत जाणारा गोल. वहीत या वेळी पानं दोनच करा, ‘कोन’ आणि ‘गोल’. प्रत्येक पात्र, इमारत, अवयव, ढेकरसुद्धा कुठल्या पानावर जातो ते लिहीत गेलात की धूसर वाटणारी पानं भूमितीसारखी उलगडतात. नावांतही खेळ आहे: दूद्किन या क्रांतिकारकाच्या भ्रमात एक पाहुणा येतो, त्याचं नाव उलटं वाचलं की ‘एन्फ्रान्शिश’ होतं. देवनागरीत काना-मात्रा अक्षराला चिकटलेले असल्याने हे उलटं वाचन जमत नाही, आणि सुलटं नाव जसंच्या तसं लिहिलं तर त्यात नको तो शब्द डोकावतो. तिथे नाव नव्याने बांधावं लागेल.

आठ प्रकरणं, पुढे-मागे प्रस्तावना आणि उपसंहार. बॉम्ब सुरू झाल्यापासून वाचायचा वेग आपोआप वाढतो. त्याआधीची पानं मात्र रोज पंधरा-वीस, मोठ्याने, कारण वाक्यं तीन अक्षरांच्या ठेक्यावर चालतात आणि मनातल्या मनात वाचताना तो ठेका ऐकू येत नाही. डबा शेवटी फुटतो. त्या स्फोटात कुणी मरत नाही.